हद्द आणि जबाबदारी

‘हवाई हद्द’ हा शब्द एप्रिल 2025 पासून घरोघरी पोहोचला आहे. पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत व पाकिस्तान यांनी परस्परांच्या विमानांना आपापली हद्द बंद केली, तेव्हापासूनची ही गोष्ट. परंतु या एकाच शब्दात दोन भिन्न अर्थ कोंबले जात आहेत, आणि ते वेगळे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला अर्थ सार्वभौमत्वाचा. 1944 च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य अधिकार मान्य केला. समुद्राकडे तो 12 सागरी मैलांपर्यंतच चालतो. वर तो नेमका कुठे संपतो, हे मात्र 1967 च्या अंतराळ करारानेही ठरविलेले नाही! गोमंतकीयांना आकाशाचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नाही. भारताच्या नाकेबंदीत पोर्तुगीज सत्तेने दाबोळीहून कराचीमार्गे आकाशाची वाट उघडी ठेवली होती. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय वायुसेनेच्या कॅनबेरा विमानांनी त्याच धावपट्टीवर बाँब टाकले, ते उगाच नव्हे.

दुसरा अर्थ निव्वळ व्यवस्थेचा. गोव्याच्या पश्चिमेस अरबी समुद्रावर दूरवर विमानांची ये-जा मुंबईचे नियंत्रण केंद्र पाहते. ही जबाबदारी आहे, मालकी नव्हे. खुल्या समुद्रावरील आकाश सर्वांचे. क्षेपणास्त्राच्या चाचणीसाठी बंगालच्या उपसागरावर सूचना निघाली की ‘भारताने हवाई हद्द बंद केली’ असे मथळे झळकतात. बारा मैलांपलीकडे इशारा देता येतो, मनाई करता येत नाही.

हा शब्दच्छल आहे, असे कोणी म्हणेल. 1 सप्टेंबर 1983 रोजी वाट चुकलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले आणि 269 माणसे प्राणांस मुकली. मॉस्कोने हद्दभंगाचे व हेरगिरीचे कारण पुढे केले. 1984 मध्ये शिकागो करारास नवे कलम जोडण्याचे ठरले: उडत्या प्रवासी विमानावर शस्त्र चालवू नये. म्हणजे हद्द स्वतःची असली, तरी तिथला अधिकार अमर्याद नाही. मग जी हद्दच नव्हे, तिला हद्द म्हणून लोकांची मने तापविण्यात कोणते शहाणपण?

सार्वभौम आकाशालाच ‘हवाई हद्द’ म्हणावे आणि बाकीच्यास ‘उड्डाण-नियंत्रण क्षेत्र’, एवढीच आमची सूचना आहे. शासकीय पत्रकांनी आरंभ केला, तर मराठी पत्रांना अनुकरण जड जाणार नाही.