रानात कुत्रे जखमी झाले तर



बैलाला फाळ लागला तर काय करायचे, हे आपल्या घरातले पोरही सांगते. पण राखणीचे कुत्रे रानात जखमी झाले की जाणती माणसेसुद्धा गोंधळतात. दुखापत होते रात्री, वस्तीपासून लांब, आणि जवळ ना पाणी असते ना धड चिंधी.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या भुईमुगात रानडुकरे शिरली. एका डुकराने कुत्र्याला मांडीपाशी फाडले. हा धावत गेला आणि त्याला उचलू लागला. सहा वर्षे ज्या हातची भाकरी खाल्ली, त्याच हाताला कुत्र्याने कडकडून चावा घेतला. कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली नव्हती. कुत्रे वाचले, पण मालकाला इंजेक्शने घ्यावी लागली आणि ऐन काढणीत हात गळ्यात बांधून बसावे लागले. कुत्र्याला दोष देऊ नका. वेदनेपुढे त्याला मालक दिसत नाही.

म्हणून जखमेला हात लावण्याआधी मुसके बांधा. मळणीत बैलाला बांधतो तसले नव्हे. जुनेराची चार बोटे रुंद, दोन-अडीच हात लांब पट्टी घ्या. तिचा फास बाजूने तोंडात अडकवून हनुवटीखाली गाठ मारा, दोन्ही टोके कानांमागे नेऊन सुटी गाठ द्या. मात्र कुत्रे ओकत असेल, धापा टाकत असेल किंवा नाकातोंडालाच मार असेल, तर मुसके बांधू नका. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापेनेच अंग थंड करते. त्यामुळे उन्हात मुसके फार वेळ ठेवू नये. हे बांधणे घरी, कुत्रे धडधाकट असताना दोन-चार वेळा करून पाहा. अंधारात हात आपोआप चालतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे सलग दाबा. थांबले का म्हणून सारखे उचलून बघू नका. डुकराच्या सुळ्याची जखम वरून बोटभर दिसते, आत खोल असते. तिच्यात हळद, राख, डिझेल काही भरू नये. आतडे बाहेर आले असेल तर आत ढकलू नका. ओल्या स्वच्छ फडक्याने झाका, कुत्र्याला गोणपाटावर घ्या आणि दोघांनी चार कोपरे धरून न्या. साधी खरचटलेली जखम अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ घालून धुवावी. पावसाळ्यात माशा बसून जखमेत लवकर अळ्या पडतात, तेव्हा रोज पाहा.

साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, चालवू नका. उचलून दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारींवर चालणारी लस जनावरांनाही देतात. आपल्या घरातल्या अंगदुखीच्या गोळ्या मात्र कुत्र्याला कधीच देऊ नका. त्यांनी पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात.

एवढे करूनही चावा बसलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आपलेच कुत्रे आहे म्हणून थांबू नका. रेबीज एकदा उलटला की त्यावर उपाय नाही. कुत्र्याला पहिली लस तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात, पुढे दरवर्षी. बैलांच्या लाळ्या-खुरकताची तारीख आपण विसरत नाही, तिच्याशेजारीच ही लिहून ठेवा.

एक जुनी पिशवी शिवा. तिच्यात मुसक्याची पट्टी, धुतलेल्या फडक्यांच्या चार घड्या, साबणाची वडी, काटा काढायचा चिमटा, बॅटरी आणि पाण्याची बाटली ठेवा. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आतून चिकटवा, सोबत पशुसंवर्धनाचा १९६२ हाही. कंदील टांगता त्याच खुंटीला ती अडकवा, म्हणजे राखणीला निघताना हाताला लागेल.