ताम्रविकारांचा रुग्ण आणि आपला शिरस्ता

तांबे हे अल्पांशाने अत्यावश्यक आणि अधिकांशाने घातक असे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचा जमाखर्च शरीराला चोख ठेवावा लागतो. आणि हा हिशेब जन्मतःच बिघडलेला रुग्ण जेव्हा शस्त्रक्रियेसाठी येतो, तेव्हा त्याच्या केसपेपरावर ‘यकृतविकार’ एवढीच नोंद पुरेशी नाही, हे आमच्या व्यवसायबंधूंच्या नजरेस आणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

किनियर विल्सन यांनी १९१२ साली ज्याचे सविस्तर वर्णन केले त्या रोगात तांबे पित्तावाटे पुरेसे बाहेर न पडता प्रथम यकृतात व पुढे मेंदूतील तलस्थ केंद्रकांत साचत जाते. त्यामुळे रक्त गोठण्याची क्रिया आणि प्लेटलेटांची संख्या पाहिल्यावाचून मणक्यात भूल देणे जसे अनुचित, तसेच कंप, ताठरपणा व अडखळती वाणी यांची दखल न घेता उलटीवरील नेहमीचे इंजेक्शन देणेही अनुचित होय. मेटोक्लोप्रमाइड डोपामिनचे कार्य रोखते व या रुग्णाचा कंप आणि ताठरपणा बळावू शकते. ऑन्डान्सेट्रॉन हाताशी असताना केवळ शिरस्ता म्हणून मेटोक्लोप्रमाइडची भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवण्यास कोणतेही समर्थन नाही.

याहून गंभीर गफलत या रोगात तांबे उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधाच्या बाबतीत संभवते. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पुढे आणलेले पेनिसिलामाइन कोलॅजेनच्या जुळणीत अडथळा आणून जखम भरणे लांबवते, म्हणून शस्त्रक्रियेच्या सुमारास त्याची मात्रा कमी करण्याचा प्रघात आहे. परंतु मात्रा कमी करणे निराळे आणि औषध तहकूब करणे निराळे, कारण उपचार थांबल्यास यकृत निकामी होऊन प्राणावर बेतू शकते. हेच औषध क्वचित मायस्थेनियासारखी दुर्बलता आणते. म्हणून अ‍ॅट्राक्युरियमसारखे, यकृतावर विसंबून नसलेले स्नायुशिथिलक निवडले तरी नर्व्ह स्टिम्युलेटर लावल्याखेरीज पुढची मात्रा देऊ नये.

जॉन मेंकेस यांनी १९६२ साली वर्णिलेल्या बालरोगात उलट तांब्याचे दुर्भिक्ष असते. डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवणारे विकर तांब्यावाचून मंदावते, यास्तव रक्तदाब उतरल्यास शरीरातील साठ्यावर चालणाऱ्या एफेड्रिनवर भिस्त न ठेवता फेनिलेफ्रिनसारख्या थेट कार्य करणाऱ्या औषधाची तजवीज आधीच करून ठेवावी.

अशी तजवीज वेळीच व्हावी यासाठी आधी चौकशी हवी, आणि नातलगांपाशी केलेल्या चौकशीतून केवढे निष्पन्न होते, याचा दाखला पुण्यात आहे. के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे आणि आनंद पंडित यांनी टॅनर प्रभृती सहसंशोधकांसमवेत यकृतकाठिण्याने आजारी बालकांच्या आहाराचा शोध घेतला, आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने पितळेच्या व तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यांतील दुधाकडे वैद्यकजगताचे लक्ष वेधले.

तीच चौकस वृत्ती आपल्या खात्यातही रुजली पाहिजे. भूलपूर्व तपासणीच्या छापील तक्त्यात यकृतविकाराच्या रकान्याखाली तीन प्रश्न कायमचे घालावेत: तांबे उतरवणारे कोणते औषध चालू आहे, त्याची शेवटची मात्रा केव्हा घेतली, आणि गिळताना ठसका लागतो काय. असे औषध चालू असल्याचे आढळल्यास यकृततज्ज्ञाचा सल्ला घेतल्यावाचून नियोजित शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर करू नये.