जुन्या मोटारीचा ब्रेक

चवथ जवळ आली, की कोरगावात घरे झाडली जातात, रंगविली जातात. आणि पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या जुन्या मोटारीही धुऊन बाहेर काढल्या जातात. मुंबईची मंडळी पेडणे स्थानकावर उतरणार, त्यांना घरी आणावयाचे असते. बॅटरी भरली, चाकांत हवा घातली, इंजिन धडधडू लागले, की मालक निश्चिंत होतो. गाडी चालते याची खात्री झाली; ती थांबते काय, हे पाहण्याचे मात्र राहून जाते.

हा निष्काळजीपणा आपल्या किनारपट्टीत विशेष घातक आहे. पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचविणारे ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे 'डॉट ३' प्रतीचे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेसे पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापून उकळले, तर त्याची वाफ होते आणि पाय सरळ तळाला जातो. तेच पाणी लोखंडी नळ्या व कॅलिपरचा पिस्टन आतून गंजविते. म्हणून दर दोन वर्षांनी हे ऑईल बदलणे, हा उधळपट्टीचा प्रकार नव्हे.

ब्रेक दगा देण्यापूर्वी बहुधा इशारा देतो. पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा शिरली आहे, किंवा रबरी होज फुगत आहे. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाऊ लागले, तर गळती अथवा मास्टर सिलिंडरचे झिजलेले रबर यांचा संशय घ्यावा. एकच चाक तापत असेल, तर गाडी उचलून त्या कॅलिपरचे निपल सैल करावे. चाक मोकळे फिरले, तर दाब आत अडकला होता. जुना होज आतून सुजून बंद होतो, हे त्याचे नेहमीचे कारण. तरीही चाक अडलेलेच राहिले, तर दोष कॅलिपरचा. एवढी परीक्षा न करता नवा कॅलिपर गळ्यात मारणारा मेस्त्री मालकाचे पैसे घालवितो आणि धोका मात्र जागीच ठेवतो. होज बदलावयाचा तर दोन्ही बाजूंचा बदलावा. एका बाजूचाच ब्रेक जोरात लागला, तर गाडी त्या बाजूला ओढली जाते.

आता सुधारणेचा सोस. पद्मिनी आणि अँबॅसडर यांच्या चारही चाकांना मूलतः ड्रमचे ब्रेक होते. त्यांना दुसऱ्या गाडीची डिस्क व मोठे कॅलिपर बसविण्याची हौस अनेकांना असते. हेतू चांगला आहे. परंतु मोठ्या कॅलिपरला ऑईल अधिक लागते, मास्टर सिलिंडर त्या मापाचा नसेल तर पेडल खोल जाते, आणि पुढच्या-मागच्या चाकांतील तोल बिघडला तर ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. शिवाय मूळ रचनेतील फेरबदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत. आधी दुरुस्ती, मग सुधारणा, हाच क्रम शहाणपणाचा आहे.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. पण रबरी होज पुढच्या तपासणीची वाट पाहत बसत नाही. ५ जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळावर विमाने येऊ लागली आणि पेडणे तालुक्याच्या रस्त्यांवरची वर्दळ वाढली. गावचे रस्ते मात्र अरुंद आणि वळणांचेच आहेत. त्यांवरून शाळेची मुले पायी जातात. जुनी गाडी जपणे हा मालकाचा छंद असेल. तिच्या ब्रेकवर मात्र त्या मुलांचाही हक्क आहे. वाहतूक खात्याने पंचायतींच्या साहाय्याने चवथीपूर्वी गावोगाव जुन्या गाड्यांच्या ब्रेकची विनामूल्य तपासणी करावी, अशी आमची सूचना आहे. तोवर मालकांनी एवढे तरी करावे: गाडी पुसण्याआधी तिच्याखाली वाकून नळ्या पाहाव्यात.