अकराव्या वाढदिवसाची यादी

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये चाळीस मुलं, जादूगार, टॅटूवाला, रिटर्न गिफ्ट: पाचव्या वाढदिवसाला हे शोभतं, अकराव्याला नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याचं कारण सापडतं. साधारण नवव्या वर्षाच्या आसपास मुलाला खेळगडी पुरेनासे होतात, एखादा जिवलग लागतो आणि त्याचं सुख स्वतःच्या सुखाइतकंच मोलाचं वाटू लागतं. गर्दीत हा जिवलगच हरवतो. मॉलच्या गेमझोनमध्येही जो तो आपल्या मशीनला चिकटलेला. त्यापेक्षा चौघांना घेऊन सकाळी सिंहगड चढावा, वर पिठलं-भाकरी खावी, किंवा त्यांना रात्री घरी राहू द्यावं. न बोलावलेल्यांना वाईट वाटेल, हा आक्षेप खरा आहे. पण जिव्हारी लागतं ते वर्गातल्या तीसपैकी पाचच वगळले तर. चौघेच बोलावले तर वगळल्याची खूण कुणाच्याच कपाळी बसत नाही, आणि वर्गासाठी चॉकलेटं आहेतच. ‘त्यांच्याकडे आपण जेवून आलोय, त्यांच्या मुलाला बोलवायलाच हवं’ हा मात्र मोठ्यांचा हिशेब, तो मोठ्यांनी दिवाळीच्या फराळावर फेडावा. औक्षण हवंच, फक्त मित्र यायच्या आधी उरकावं.