गहाण पडलेली कर्णभूषणे
अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नावाहो लोकांची, निळे पेरोज जडविलेली रुप्याची जुनी कर्णभूषणे संग्राहक मोठ्या हौसेने घेतात. 'जुने गहाण' म्हटले, की त्यांचे मोल अधिकच चढते! १८६४ साली सरकारी फौजेने ह्या लोकांस देशोधडीस लाविले; १८६८ साली ते मायभूमीस परतले. पुढे त्यांच्या कारागिरांनी रुप्याची नाणी आटवून सुरेख दागिने घडविले. अडीअडचणीस तेच दागिने पीठ-कापडासाठी व्यापाऱ्याकडे गहाण पडत. सोडविणे न साधल्यास विकले जात. अंगावरचा दागिना गहाण टाकण्याचे दुःख आपल्या घरांसही ठाऊक आहे. म्हणून आम्हांस वाटते, की अशा कर्णभूषणांचे सौंदर्य अवश्य वाखाणावे. परंतु ती कोणाच्या कानांतून व कोणत्या गरजेपायी उतरली, ह्याचाही विसर पडू देऊ नये.