आमच्या घरांतलीं पुस्तकें कोणीं निवडावीं?

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आमचा शेतकरी काय काय करितो, तें पाहावें. बाजारांत चार फेऱ्या मारितो, बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि एवढ्यानेंहि मन भरलें नाहीं तर गांवांतील दोन जाणत्यांस घेऊन पुन्हा जातो. सुतार पटाशी घेतांना धारेवरून अंगठा फिरवितो. घरधनीण मडकें टिचकी मारून नाद ऐकल्यावांचून घेत नाहीं. परंतु ह्याच घरांत पुस्तक घ्यावयाची वेळ आली म्हणजे ही सारी हुशारी कोठें जाते? जून महिन्यांत शाळा उघडली कीं दुकानदार सुतळीनें बांधलेला गठ्ठा पुढें करितो, आम्ही पैसे मोजतों आणि गठ्ठा घेऊन घरीं येतों. आंत काय आहे, तें कोणीं लिहिलें, आपल्या पोराला तें हवें आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकें फुकट मिळतात. म्हणजे हा खर्च पाठ्यपुस्तकांचा नव्हे. गठ्ठा सोडून पाहावा तर एकाच धड्याचीं तयार उत्तरें तीन निरनिराळ्या वेष्टनांत बांधलेलीं! परीक्षकाच्या प्रश्नांचीं उत्तरें सगळीं आहेत. पोराच्या प्रश्नाचें एकहि नाहीं.

हें आम्ही दुसऱ्याच्या माथ्यावर खापर फोडण्यासाठीं लिहीत नाहीं. दोष आमचाहि आहे, आणि तो आधीं सांगणें बरें. प्रस्तुत लेखक खेड्यांतील शाळेंत शिक्षक आहे. एका पावसाळ्यांत सहावींतील एका सुताराच्या मुलीनें विचारलें, "गुरुजी, पावसाळ्यांत दार चौकटींत अडकतें तें रुंदीला फुगून, मग उंचीला कां फुगत नाहीं?" आम्हांला उत्तर येत नव्हतें. 'येत नाहीं' असें म्हणावयाचें धैर्यहि झालें नाहीं. आम्ही म्हणालों, "हें परीक्षेला नाहीं, बैस खालीं." मुलगी बसली. पुढें पुष्कळ दिवस तिनें कांहीं विचारलें नाहीं.

तें शल्य मनांत राहिलें म्हणून आम्ही एके दिवशीं तिच्या बापाकडे गेलों. तो म्हणाला, "गुरुजी, लाकूड आडवें वाढतें, उभें वाढत नाहीं; म्हणून आम्ही चौकटींत फळी बसवितांना दोन्ही अंगांस सुतभर जागा सोडतों. कां वाढतें तें मात्र आमच्या बापानें सांगितलें नाहीं." उत्तराचा अर्धा भाग त्याच्या हातांत होता. उरलेला अर्धा आम्हांला शाळेच्या कपाटांत नव्हे, तर तालुक्याच्या वाचनालयांतील एका जुन्या पुस्तकांत सांपडला. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांसारख्या बारीक पेशींची जुडी. हवेंतील ओल त्या नळ्यांच्या भिंती शोषून घेतात व भिंती जाड होतात. म्हणून जुडी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाहीं. तें वाचून दाखविलें तेव्हां मुलीपेक्षां बापाचाच चेहरा अधिक फुलला. जें काम त्यानें जन्मभर केलें, त्याचें कारण त्याला त्या दिवशीं प्रथम कळलें. वाचकहो, त्या घरांत गठ्ठ्यानें पुस्तकें होतीं. जें हवें होतें तें एक नव्हतें.

आमच्या थोरांनीं बहुजनांसाठीं शिक्षण मागितलें तें असें एकसुरी मागितलें नव्हतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेंत काय शिकवावें तें स्पष्ट सांगितलें आहे: मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीतीचे व आरोग्याचे धडे. कुणब्याच्या पोरापुढें त्यांनीं एकच ताट वाढलें नाहीं. जगाचा भूगोल आणि वावराची माती एका रांगेंत ठेविली. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे राजे झाल्यावर त्यांनीं १९१० सालीं अमेरिकेहून विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालास बोलाविलें आणि राज्यभर मोफत वाचनालयें उभारावयास आरंभ केला. जेथें वाचनालय नाहीं अशा गांवांकडे लांकडी पेट्यांतून पुस्तकें पाठविलीं जात. एक पेटी वाचून झाली कीं ती परत, आणि दुसरी पुढें. शंभर वर्षांपूर्वीं पेटी गांवोगांव फिरत होती. आणि आज आमच्या कित्येक शाळांतील कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हेंच कोणाला ठाऊक नसतें.

मग घरांत कोणतीं पुस्तकें असावींत? आमचें म्हणणें असें कीं, पुस्तकें थोडीं असलीं तरी चालतील, परंतु तीं एका जातीचीं असूं नयेत. वावरांत ज्वारीच्या बाजूला तुरीची ओळ आपण उगाच घालीत नाहीं. एक पीक गेलें तर दुसरें तारतें. तसेंच हें आहे.

पहिलें, अर्थ सांगणारें पुस्तक. घरांत एक शब्दकोश हवाच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति झाली. त्यांत शेतकऱ्याच्या व कारागिराच्या तोंडचे शब्द इतके आहेत कीं आपल्या आजीची भाषा त्यांत सांपडते. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. हे दोन्ही ग्रंथ आतां इंटरनेटवर फुकट पाहावयास मिळतात.

दुसरें, हातानें करून पाहावयाचें पुस्तक. आगकाडी, सायकलच्या ट्यूबची नळी, रिकामी बाटली असल्या टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाचीं खेळणीं कशीं करावीं हें अरविंद गुप्ता यांनीं दाखविलें आहे, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेंहि विनामूल्य आहेत. कुंभाराच्या, लोहाराच्या, शिंप्याच्या मुलाचा हात आधींच तयार असतो. अशा पुस्तकांत तो मागें पडत नाहीं, उलट पुढें असतो, आणि 'आपल्याला येतें' ही गोष्ट त्याला बहुधा पहिल्यानें तेथें कळते.

तिसरें, आपल्या धंद्याचें पुस्तक. ह्याची किंमत रुपयांत मोजतां येते. २०१५ सालापासून शेतकऱ्यास मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तींत बारा गोष्टींची तपासणी असते: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व सूक्ष्म द्रव्यें. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पत्रिकेंत पालाश 'भरपूर' लिहिलें होतें; काळ्या जमिनींत तें पुष्कळदां तसेंच असतें. पत्रिका आढ्याला खोंचलेली राहिली आणि गडी दुकानांतून १०:२६:२६ चीं पोतीं घेऊन आला. ह्या तीन आंकड्यांचा अर्थ एवढाच कीं शंभर किलोंत नत्र दहा, स्फुरद सव्वीस आणि पालाश सव्वीस किलो. म्हणजे पन्नास किलोंच्या पोत्यांत तेरा किलो पालाश, जें त्याच्या जमिनींत आधींच होतें! त्यानें विचारलें कोणाला? विकणाऱ्याला. घरांत सातवी शिकलेली पोर होती. परंतु पत्रिका वाचावयास शिकविणारें चार पानांचें पुस्तक नव्हतें.

चौथें, दुसऱ्या माणसाचें आयुष्य दाखविणारें पुस्तक. शाळेसाठीं झगडणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराची हकीकत आनंद यादवांच्या 'झोंबी'मध्यें आहे. दया पवारांचें 'बलुतं' १९७८ सालचें व लक्ष्मण माने यांचें 'उपरा' १९८० सालचें. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' त्याहून जुनीं. मोठ्या मुलांनीं व त्यांच्या आईबापांनींहि हीं वाचावींत. आपल्याच गल्लींत जें आपण पाहूनहि पाहत नाहीं, तें ह्या पुस्तकांत दिसतें.

पांचवें, आणि आमच्या मतें सर्वांत जरुरीचें, तें आपल्या मताविरुद्ध बोलणारें पुस्तक. ज्याच्या घरीं एका विषयावर एकच पुस्तक आहे, त्याला त्या पुस्तकावर विश्वास ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं. शिवाजी महाराजांविषयीं वाचावयाचें तर जोतीरावांचा १८६९ सालचा पोवाडा वाचा आणि गोविंद सखाराम सरदेसायांची 'मराठी रियासत'हि वाचा. एकच राजा दोघांस निरनिराळा कां दिसला, हा प्रश्न पोराच्या मनांत उठला कीं तो इतिहास शिकूं लागला असें समजा. आमच्याच पक्षाचीं पुस्तकें तेवढीं वाचा असें जर हा लेखक सांगूं लागला, तर त्याच्यांत आणि 'आम्ही सांगूं तेंच वेदवाक्य' म्हणणाऱ्या जुन्या मंडळींत फरक तो काय?

कित्येक म्हणतील, "गुरुजी, पोटाला चिमटा घेऊन जगतों, इतकीं पुस्तकें आणावयाचीं कोठून?" प्रश्न खरा आहे. परंतु आम्ही विकत घ्या असें म्हटलेंच नाहीं. निवडा असें म्हटलें आहे. महाराष्ट्रांत १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याप्रमाणें गांवोगांवच्या मान्यताप्राप्त वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांनीं सरकारी अनुदान मिळतें. अनुदान म्हणजे कोणाची खैरात नव्हे. आगपेटीपासून नांगराच्या फाळापर्यंत आपण जो कर भरतों त्यांतला तो पैसा आहे. तेव्हां वाचनालयांत जा, सभासद व्हा, आणि कोणतें पुस्तक हवें तें कागदावर लिहून द्या. कोणी मागतच नाहीं, म्हणून फळीवर काय यावें तें दुसरेच ठरवितात. बालभारतीचें 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघतें. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९६९ सालीं महात्मा फुले यांचें समग्र वाङ्मय छापलें. मंडळाचीं पुष्कळ पुस्तकें आतां त्याच्या संकेतस्थळावर मोफत वाचतां येतात.

दुसरे म्हणतील, "हातांत मोबाइल असतां पुस्तक कशाला?" मोबाइलला आमचा विरोध नाहीं, वर सांगितलेल्या कित्येक गोष्टी त्यावरच मिळतात. परंतु मोबाइल म्हणजे भरलेला बाजार आहे. बाजारांत देवमाणूसहि भेटतो आणि खिसेकापूहि भेटतो. म्हणून कागदावरचें असो कीं पडद्यावरचें, चार प्रश्न पोरांना शिकवा. हें कोणीं लिहिलें? केव्हां लिहिलें? लिहिणारा आपल्याला कांहीं विकूं पाहतो काय? आणि तो जें सांगतो तें आपण पडताळून पाहूं शकतों काय? ह्या चार प्रश्नांना जो उत्तर देत नाहीं, त्याचा माल पाटी उलटी करून परत द्यावा.

पुस्तक पारखण्याची एक सोपी रीतहि सांगून ठेवितों. पुस्तक मधेंच उघडून मुलाकडून एक पान मोठ्यानें वाचवून घ्यावें. पावलोपावलीं अडखळला तर तें पुस्तक आज ठेवून द्यावें, पुढच्या वर्षीं काढावें. एकहि शब्द नवा लागला नाहीं तर तेंहि त्याच्या कामाचें नाहीं. आणि पान संपल्यावर त्यानें "पुढें काय?" किंवा "असें कां?" म्हटलें, तर किंमत विचारावी. निवड करितांना मुलाला बरोबर न्यावें, आणि मुलीला तर अवश्य न्यावें. पोरग्याला पुस्तक आणि पोरीला भांडीं, ही वाटणी अजून कित्येक घरांत चालूं आहे; ती बंद झाल्याशिवाय हें सारें लिहिणें फुकट आहे.

शेवटीं एक सूचना. सातारा जिल्ह्यांत पांचगणीजवळ भिलार नांवाचा स्ट्रॉबेरी पिकविणारा गांव आहे. २०१७ सालीं तेथील घराघरांतून पुस्तकें मांडलीं गेलीं. एका घरीं एक विषय, दुसऱ्या घरीं दुसरा, आणि वाटेल त्यानें येऊन बसून वाचावें. तें सरकारच्या मदतीनें झालें. आपल्याला तेवढें जमणार नाहीं. परंतु दहा घरांनीं मिळून एक पत्र्याची पेटी करावयास कोणाच्या हुकुमाची गरज आहे? प्रत्येक घरानें एक पुस्तक द्यावें, दोन घरांचें पुस्तक सारखें नसावें, आणि पेटी दर पंधरवड्यास एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जावी. कुलूप लावूं नये. एखादें पुस्तक हरवलें तर हरवूं द्यावें; तें कोणाच्या तरी घरींच गेलें असेल.

आमच्या शाळेच्या कपाटाची किल्ली आतां खिळ्याला टांगलेली असते, आणि सुताराची ती मुलगी पुन्हा प्रश्न विचारूं लागली आहे. परवां तिनें विचारलेल्या एका प्रश्नाचें उत्तर आम्हांला अजून सांपडलेलें नाहीं. ह्या वेळीं आम्ही तिला तसें सरळ सांगितलें, आणि रविवारीं दोघेंहि वाचनालयांत जाऊन शोधूं असें ठरविलें. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमच्या घरींहि असें एक पोर असेल. पुढचा गठ्ठा बांधून घेण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारा: तुला काय जाणून घ्यावयाचें आहे?