खापर फोडायला विभक्त कुटुंब बरं सापडलं!

एकवीस वर्षं मी नववी-दहावीच्या वर्गांना शिकवतो आहे आणि एकवीस वर्षं पालकसभेत एकच वाक्य ऐकतो आहे. ‘सर, पूर्वी घरात आजी-आजोबा असायचे, म्हणून मुलांना वळण असायचं.’ मुलगा वर्गात मोबाइलसकट सापडला, मुलगी महिनाभर कुणाशी बोलेनाशी झाली, की हे वाक्य ठरलेलं. कुटुंब विभक्त झालं, बाई नोकरीला लागली, संस्कार बुडाले, असा निकाल देऊन सगळे चहाला मोकळे. ‘गेल्या आठवड्यात अभ्यास आणि मार्क सोडून मुलाशी काय बोललात?’ एवढं विचारलं की मात्र तोच पालक खाली बघतो.

आता मला हे ऐकवत नाही. घरात माणसं किती आहेत, यावर वयात येणारं मूल घडत किंवा बिघडत नाही. ती माणसं त्याच्याशी कशी वागतात, यावर ते ठरतं. आपल्या वागण्याचा हिशेब द्यायचा नाही, म्हणून आपण कुटुंबपद्धतीच्या नावाने गळा काढतो.

दोन घरं डोळ्यांसमोर आणा. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला, तेव्हा देश संतापला. पुढे त्याचे वडील, आई आणि आजोबा, तिघांनाही अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याचे, चालकाला गुन्हा अंगावर घ्यायला लावल्याचे आरोप आहेत. त्यांचा निवाडा न्यायालय करील. पण परवान्याचं वय झालेलं नसताना ती गाडी मुलाच्या हाती आली, ती घरातूनच आली.

दुसरं घर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं. जून 2025. ‘नीट’च्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून बापाने केलेल्या मारहाणीत सतरा वर्षांची मुलगी गेली. पोलिसांनी बापाला अटक केली. बाप शाळेचा मुख्याध्यापक होता. ही बातमी वाचून मी दोन दिवस वर्गात नीट उभा राहू शकलो नाही, कारण तो माझ्या पेशाचा माणूस होता.

दोन्ही घरांत आई होती, बाप होता. एका प्रकरणात तर तिसरी पिढीही होती. कुठे गेलं ते वळण? एका घरात ‘नाही’ हा शब्द मुलापर्यंत पोचला नाही आणि दुसऱ्या घरात मुलीचा शब्द बापापर्यंत पोचला नाही.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकात पालकांच्या तऱ्हा मांडल्या. नुसता हुकूम सोडणारे, नुसतं मोकाट सोडणारे आणि धाक व माया दोन्ही राखून नियमामागचं कारण सांगणारे. 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथी तऱ्हा जोडली, मुलाकडे बघायलाच तयार नसलेल्यांची. यात कुठेही एकत्र किंवा विभक्त असा रकाना नाही. आपल्याकडे पहिल्या तऱ्हेला शिस्त म्हणतात आणि दुसरीला लाड. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय त्यावर. चौथ्या तऱ्हेचा बाप क्लासची लाखाची फी भरतो आणि कर्तव्य संपलं म्हणतो.

एकत्र कुटुंबाच्या आठवणींनी ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी त्या घरातल्या सुनांना आणि मुलींना एकदा विचारावं. भाऊ जेवून उठायचा आणि ताट बहिणीने उचलायचं, हे वळण तिथलंच. लैंगिक अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचाच असतो, आणि घरातलाच कुणी असला तर ‘घरची गोष्ट घरात’ म्हणून पोरीचं तोंड दाबलं जातं. प्रेमळ आजी-आजोबा हे भाग्यच. पण भाग्य माणसांमुळे असतं, पंगतीच्या लांबीमुळे नव्हे.

घराची रचना जिथे खरोखर मुलांच्या मुळावर येते, तिथे मात्र हे संस्कारवाले फिरकत नाहीत. बीडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन जातात, ते हंगाम संपल्यावर परततात. वयात आलेली मुलगी पाच-सहा महिने म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर कशी ठेवायची, या घोरापायी तिचं लग्न उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. तिथे प्रवचन कामाचं नाही. गावात राहण्याची सुरक्षित सोय आणि चालू शाळा हवी.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाप घर सोडून गेलेला, आई पोळी-भाजी केंद्र चालवायची. तेव्हा मी ज्या शाळेत होतो, तिथल्या शिक्षकखोलीत त्याचं भविष्य आधीच ठरलं होतं: ‘बापाविना पोर, बिघडणारच.’ सहामाहीला तो कॉपी करताना सापडला. आई आली. तिने त्याला मारलं नाही, पाठीशीही घातलं नाही. म्हणाली, ‘सर, शिक्षा काय ती द्या. घरी आल्यावर त्याने मला सगळं खरं सांगितलंय.’ शेजारी बसलेले एक सुशिक्षित वडील त्याच गुन्ह्यासाठी पर्यवेक्षकालाच धमकावत होते. मोडकं घर कोणतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि सर्वाधिक महाराष्ट्रात. प्रत्येकामागे कारणं वेगळी असतील. पण यातल्या किती जणांना ‘मला जमत नाही’ हे घरी निर्भयपणे बोलता आलं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

म्हणून पालकांनो, घरात माणसं किती ते मोजू नका. आपलं मूल नापास झालं, कुणाच्या नादी लागलं, कुठे फसलं, तर पहिला फोन तुम्हाला करील का, एवढं स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर दोष काळाचा नाही, मोबाइलचा नाही, नोकरी करणाऱ्या आईचाही नाही. तो तुमचा आहे. आज रात्री ताटावर बसाल, तेव्हा मार्कांचा विषय काढू नका. मुलाला बोलू द्या, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐका.